चाकाला खाली जायलाही जागा हवी

भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. माझी स्पोर्ट बाइक घेऊन मित्रांबरोबर ताम्हिणी घाटात जायचे ठरले होते. आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "मामा, मागचं शॉकअप जरा हार्ड करून दे ना. वळणांवर बरं पडेल." मलाही तसेच वाटत होते. मी पाना घेतला आणि तिसऱ्या खाचेवरची कडी सातव्या, म्हणजे शेवटच्या खाचेवर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी उतारावर, एका वळणाआधी ब्रेक लावताना, बुजवलेल्या खड्ड्यांच्या पट्ट्यावर मागचे चाक उडाले आणि बाजूला सरकले. त्याचे कॉलरबोन मोडले.

रस्ता ओला होता, वळण नवखे होते. सगळा दोष स्प्रिंगवर टाकता येणार नाही. पण मी नेमके काय केले होते, हे मला कळले पाहिजे, असे वाटू लागले. मी अभियंता नाही. पुस्तके, मीटरपट्टी आणि वही एवढ्यावरच हा अभ्यास झाला. त्यातून जे उमगले ते इथे मांडतो.

पहिला धक्का असा की, मी स्प्रिंग कडक केलीच नव्हती. ती कडी फिरवल्याने बदलतो तो प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब. समजा, एक स्प्रिंग १ मिलीमीटर दाबायला १० किलो लागतात. ती आधीच १० मिलीमीटर दाबून बसवली, तर तिच्यात १०० किलोचा दाब साठला. आता वर १५० किलो भार ठेवा. पहिल्या १०० किलोंना ती हलणारच नाही. उरलेल्या ५० किलोंनी ५ मिलीमीटर दबेल. प्रीलोड नसता तर १५ मिलीमीटर दबली असती. पण यानंतर आणखी १० किलो ठेवले, तर दोन्हीकडे ती १ मिलीमीटरच दबते. कडकपणा तोच राहिला. बदलली ती गाडीची उंची.

मग यात बिघडले कुठे? सस्पेन्शन म्हणजे धक्के गिळणारी वस्तू, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे. उंचवट्यावर चाक वर जाते, तसे खड्ड्यात ते खाली गेले पाहिजे. नाहीतर टायर रस्ता सोडतो, आणि हवेतल्या टायरला पकड नसते. स्वार बसल्यावर गाडी थोडी खाली बसते ती यासाठीच. या बसण्याला सॅग म्हणतात. जेवढा सॅग, तेवढी चाकाला खाली जायला जागा. माझ्या भाच्याचे वजन ५५ किलो. प्रीलोड शेवटच्या खाचेवर. त्यात ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर जातो आणि मागची बाजू आणखी उचलते. त्या क्षणी त्याच्या मागच्या चाकाला खाली जायला जागाच उरलेली नसणार. शिवाय मागची बाजू उंच झाली की पुढचा फोर्क जास्त उभा होतो. गाडी झटकन वळते खरी, पण तिची स्थिरता कमी होते.

सॅग मोजायला महागडे साधन लागत नाही; टेप आणि दोन मदतनीस पुरतात. मागचे चाक जमिनीवरून उचलून, आसापासून वर सरळ रेषेत सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे. मग हेल्मेट, जाकिटासह स्वाराने नेहमीसारखे बसावे. पुढे कोणीतरी गाडी सरळ धरावी. मागची बाजू दाबून हळूच सोडावी आणि अंतर मोजावे. मग किंचित उचलून हळूच सोडावी आणि पुन्हा मोजावे. घर्षणामुळे ही दोन मापे वेगळी येतात, म्हणून त्यांची सरासरी घ्यावी. पहिल्या मापातून ती वजा केली की स्वारासहचा सॅग मिळतो. रस्त्यावरच्या स्पोर्ट बाइकला तो साधारण ३० ते ४० मिलीमीटर असावा. स्वाराशिवाय, नुसत्या गाडीचा सॅगही घ्यावा. मागे तो ५ ते १० मिलीमीटर चांगला.

या दोन आकड्यांची जोडी बरेच काही सांगते. स्वारासहचा सॅग बरोबर आहे, पण नुसती गाडी मुळीच बसत नाही, तर स्प्रिंग त्या स्वाराला मऊ आहे. नुसती गाडीच फार बसते, तर स्प्रिंग त्याला कडक आहे.

भाचा बरा झाल्यावर आम्ही त्याच गाडीवर मापे घेतली. सातव्या खाचेवर नुसत्या गाडीचा सॅग शून्य, त्याच्यासह ११ मिलीमीटर. दुसऱ्या खाचेवर अनुक्रमे १७ आणि ३३. म्हणजे ती स्प्रिंग मुळातच त्याला थोडी कडक होती, आणि मी वर चाकाची खालची जागाही काढून घेतली होती.

सॅग जमल्यावरच डॅम्पिंगकडे वळावे. दबलेली स्प्रिंग सुटली की उड्या मारते. तिला आवरते शॉकअपमधले तेल. बारीक वाटांतून ते ढकलले जाते आणि उडीतली शक्ती उष्णता होऊन निघून जाते. दबताना आवरते ते कॉम्प्रेशन, परतताना आवरते ते रिबाउंड. रिबाउंड कमी असेल तर गाडी झुलत राहते. फार वाढवले तर एका खड्ड्यातून चाक परतण्याआधीच दुसरा येतो आणि गाडी खाली-खाली दबत जाते. चालवणाऱ्याला मात्र 'शॉकअप कडक झालं' असेच वाटते. स्क्रू असेल तर आधी घड्याळाच्या दिशेने हलकेच पूर्ण बंद करून मूळ स्थिती किती क्लिकवर होती ते लिहून ठेवावे. जोर लावू नये, आतली सुई खराब होते. मग एका वेळी एकच बदल, एक-दोन क्लिकचा, आणि रस्ता तोच. या सगळ्याच्याही आधी, थंड टायरची हवा तपासावी.

"पण रेसच्या गाड्या तर दगडासारख्या असतात," असे मला नेहमी ऐकवले जाते. वेगवान गाडीला कडक स्प्रिंग लागते हे खरे, पण चाक जमिनीवर राहावे हाच तिथेही हेतू असतो. बेल्जियमचे लुसिएन टिल्केन्स यांची मागच्या एकाच शॉकअपची रचना यामाहाने घेतली. तिने चाकाला वर-खाली जायला जास्त वाव मिळाला. १९७३ साली हाकन अँडरसन यांनी तशा गाडीवर २५० सीसी मोटोक्रॉसचे विश्वविजेतेपद जिंकले.

आपल्याकडच्या अनेक गाड्यांना मागच्या प्रीलोडच्या सात खाचांपलीकडे काहीच बदलता येत नाही. तरी त्या सातांतली आपली कोणती, हे मोजून ठरवता येते. मागे कोणी बसणार असेल तर खाच वाढवावी, आणि एकट्याने परतताना आठवणीने कमी करावी.

भाच्याने आता स्वतःची गाडी घेतली आहे. ती दाखवायला आला तेव्हा विचारले, "मामा, किती हार्ड ठेवू?" मी आतून टेप आणि वही आणली आणि म्हटले, "हेल्मेट घाल आणि बस आधी."