वाफ्यातली तिळवण बांधावर फेकू नका

पावसाळ्यात बांधावर, उकिरड्याजवळ माजणारी पांढरी तिळवण सगळ्यांनी पाहिली असेल. पान चुरगळा, नाकात झणझणीत वास जातो. कामाचा आहे तो वासच!

तिळवण मोहरीच्या दूरच्या गोतातली. तिच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट असतं. पान ठेचलं आणि ओल मिळाली की विकराच्या क्रियेने त्यातून मिथाइल आयसोथायोसायनेट वायू सुटतो. गंमत म्हणजे माती निर्जंतुक करायला वापरतात त्या मेटॅम सोडियममधूनही हाच वायू निघतो. अर्थात तिळवणीतून तो फार कमी मिळतो, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको.

टोमॅटो-मिरचीची रोपं गादीवाफ्यावर मानेशी काळी पडून कोलमडतात, ती पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींमुळे. अशा वाफ्यासाठी तिळवण फुलोऱ्यात, शेंगा धरायच्या आत कापा. नाहीतर वर्षभर तिळवणच उपटत बसाल. अगदी बारीक कुटून लगेच मातीत मिसळा, पाणी द्या आणि पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून झाका. उन्हाळ्यात जमलं तर उत्तमच, उन्हाचा ताव फुकट मिळतो.

दोन-तीन आठवड्यांनी प्लास्टिक काढून माती हलवा आणि आठवडाभर उघडी ठेवा. इथे घाई नडते: उरलेला वायू बियाण्याला मारतो, शिवाय अर्धवट कुजलेल्या हिरव्या पाल्यावर पिथियम उलट फोफावतो. ट्रायकोडर्माही (मित्रबुरशी) त्यानंतरच, शेणखतात मिसळून द्या. आधी दिलात तर तोही मरू शकतो.