विजापूर: एका दिवसात, पायी

सोलापूरहून उठायचं आणि निघायचं

सोलापुरातलं काम लवकर उरकलं, पंढरपूरहून परतताना एक दिवस हाताशी राहिला, तर विजापूर गाठायला फार बेत आखावा लागत नाही. अंतर शंभरेक किलोमीटर. दोन्ही बाजूंच्या साध्या बस धावतात, होटगीवरून गदगकडे जाणारी रेल्वेही आहे. आरक्षणाची भानगड नको, खांद्याला एक पिशवी पुरे. २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव विजयपुर आहे, बसच्या पाटीवर तेच शोधा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चालायला बरे. एप्रिल-मे मध्ये तिथल्या दगडी फरशीवर पाय ठेवून पाहा, म्हणजे कारण कळेल.

एका रेषेतलं शहर

विजापूर पायी पाहण्यासारखं आहे, कारण महत्त्वाच्या वास्तू साधारण एका रेषेत येतात. पूर्वेला तटाच्या आत गोलघुमट, पश्चिमेला तटाबाहेर इब्राहिम रोजा आणि मधोमध आदिलशहांचा बालेकिल्ला. आडवळणं धरून सहा-सात किलोमीटरची चाल होते. रिक्षावाले चार ठिकाणं दाखवून मोकळे होतात. मधल्या गल्ल्यांत घरांना टेकलेल्या कमानी, कोरड्या बारवा आणि नाव हरवलेल्या मशिदी मात्र चालणाऱ्यालाच दिसतात. तिकीट मुख्यतः गोलघुमट आणि इब्राहिम रोजा इथे लागतं, तेही किरकोळ.

गोलघुमट: शाळेच्या सहली येण्याआधी

रेल्वे स्थानकापासून चालत जाता येतं. सकाळी दार उघडताच आत शिरा, कारण नंतर सहली येतात आणि त्या घुमटाखाली शंभर पोरं एकदम ओरडली की ऐकायला काही उरत नाही. ही मुहम्मद आदिलशहाची कबर. शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते तोच हा बादशहा, मृत्यू १६५६. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि आत त्याला टेकू द्यायला एकही खांब नाही. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा कसा? त्यासाठी आठ कमानी एकमेकींत गुंतवल्या आहेत. त्यांच्या छेदांतून वर वर्तुळ तयार होतं आणि आत झुकलेलं हे बांधकाम आपल्या वजनाने घुमटाचा बाहेर ढकलणारा जोर पेलून धरतं. माना वर करून हे पाहणारे थोडे, सगळ्यांना वर जाऊन टाळी वाजवायची घाई.

टाळी वाजवाच, पण एकदाच. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्याच्या अरुंद जिन्याने वरच्या सज्जात जायचं, एकाने भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजायचं आणि दुसऱ्याने समोरच्या बाजूला कान लावायचा. मधे सदतीस-अडतीस मीटरची पोकळी असूनही शब्द न शब्द पोचतो. समोरच्या नगारखान्यात वस्तुसंग्रहालय आहे. ते शुक्रवारी बंद असतं.

बालेकिल्ल्याकडे

पुढे जामा मशीद लागते. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर अली आदिलशहा पहिला याने ती सुरू केली. आतली फरशी प्रत्येक नमाज्याच्या जागेनुसार आखलेली आहे, ते काम औरंगजेबाच्या काळातलं. तिथून मेहतर महालावरून जा. सज्ज्याखालच्या दगडी तीरांवरची नक्षी लाकडात कोरल्यासारखी आहे.

गगनमहालाची मधली कमान एवढी रुंद आहे की पलीकडचं आभाळच तिच्यात मावतं. महाल १५६१ चा. १६८६ मध्ये शेवटच्या सिकंदर आदिलशहाची सत्ता औरंगजेबाने संपवली, ते शरणागतीचं दृश्य याच ठिकाणी घडल्याचं सांगतात. जवळच बाराकमान. अफझलखानाला शिवाजी महाराजांवर धाडणाऱ्या दरबाराचा धनी, अली आदिलशहा दुसरा, याने स्वतःसाठी आरंभलेली ही अपुरी कबर. छत नाही, नुसत्या काळ्या कमानी उभ्या. बापाच्या घुमटावर मात करायची होती, असं म्हणतात.

जेवण

दुपारचं खानावळीतच जेवा. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही. सोलापूरकराला काहीच परकं वाटणार नाही. गावात कन्नड आणि दखनी चालते, मोडक्यातोडक्या हिंदीवर भागतं.

मुलूखमैदान तोफ

उन्हं उतरली की पश्चिमेला निघा. वाटेत उपली बुरूज लागेल. बाहेरून वळसे घेणाऱ्या पायऱ्यांनी वर गेलं की सकाळपासून तुडवलेलं सगळं शहर एका नजरेत येतं. पुढे तटावर मुलूखमैदान. ही तोफ मुळात विजापूरची नव्हेच. १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, मुहम्मद बिन हसन रूमी याने ती ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने तिथून विजापुरात आणली. वजन सुमारे ५५ टन. बैलांच्या जोड्या आणि हत्ती जुंपून ती ओढल्याच्या कथा गावात ऐकायला मिळतात. आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण एवढं धूड त्या काळच्या रस्त्यांवरून इथवर आलं हे खरं. तोंडाशी उभे राहून नीट पाहा: सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडला जाणारा हत्ती.

शेवटी इब्राहिम रोजा

तटाबाहेर पडून थोडं चाललं की इब्राहिम आदिलशहा दुसरा आणि त्याची राणी ताज सुलताना यांचं स्मारक येतं. बादशहा १६२७ मध्ये गेला. एका चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मधे हौद. कबरीच्या भिंतीवर अक्षरांचीच नक्षी, आणि खिडक्यांच्या जाळ्याही दगडात कापलेल्या अक्षरांच्या, म्हणजे मजकुरातूनच उजेड आत येतो. आतलं सपाट दगडी छत कशाच्या आधारावर आहे ते सहज उमगत नाही. ताजमहालाची कल्पना इथून घेतली असं वाटाडे हटकून सांगतील. ते बाजूला ठेवा, या वास्तूला उसन्या मोठेपणाची गरज नाही. गोलघुमट आकाराने दिपवतो, हा रोजा मात्र जवळ जाऊन वितीवितीने पाहावा लागतो. वेळ कमी पडला आणि दोहोंतलं एकच निवडायचं झालं, तर गोलघुमट सोडा आणि इथे या.