शाडूची मूर्ति

पनवेलहून रोह्याकडे जाणारी आगगाडी पाताळगंगेकांठचें आपटा मागें टाकते आणि जिते, हमरापूर हीं स्थानकें घेत पेणला पोहोंचते. आपट्यापुढचें दुसरेंच स्थानक हमरापूर. तेथून पेणपर्यंतच्या गांवांत वर्षभर गणेशमूर्ति घडत असतात. मुंबई-पुण्याकडील पुष्कळ घरांत भाद्रपद शुद्ध चतुर्थीस पाटावर बसणारी मूर्ति याच टापूंतून आलेली असते.

या कलेचें जुनें द्रव्य म्हणजे शाडू. ही बारीक कणांची चिकण माती बहुधा गुजराथेंतून येते. ती भिजवून, मळून सांच्यांत दाबतात. सुटे भाग ओल्या मातीनेंच सांधतात. मग कोरणीनें सोंड, बोटें व वस्त्राच्या चुण्या रेखीव करतात. मूर्ति सावलींत वाळवावी लागते. कडक उन्हांत बाहेरचा थर आधीं आकसून तिला तडे जातात. पुढें पांढरा हात, त्यावर रंग, आणि सर्वांच्या शेवटीं डोळ्यांची आखणी. आखणी निष्णात हाताकडेच सोंपवितात. कारण मूर्तीची मुद्रा प्रसन्न कीं उदास, हें त्या दोन रेषांवर ठरतें.

मागाहून या धंद्यांत प्लास्टर आलें. जिप्सम नांवाचा खनिज पदार्थ सुमारें दीडशें अंशांपर्यंत तापविला कीं त्यांतील पाऊण हिस्सा पाणी निघून जातें व प्लास्टरची भुकटी उरते. तींत पाणी मिसळलें कीं ती थोड्याच वेळांत पुन्हां जिप्सम होऊन घट्ट बसते. शाडूचें तसें नाहीं. तो वाळतो तेव्हां कणांमधलें पाणी उडून जातें, इतकेंच. पुन्हां पाणी मिळालें कीं कण सुटे होतात. म्हणून शाडूची मूर्ति बादलीभर पाण्यांतहि विरघळते. उलट लिटरभर पाण्यांत जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरतें. त्यामुळें प्लास्टरच्या मूर्तीचे अवशेष तळाशीं दीर्घकाळ पडून राहतात.

मग कारागीर प्लास्टरकडे कां वळले? प्लास्टर हलकें, स्वस्त, लवकर सुकणारें. शाडूची मूर्ति जड. पावसाळी हवेंत ती लवकर वाळत नाहीं, आणि गाडीच्या धक्क्यानें भंगते. तिचा वेळ आणि तिची जोखीम दोन्ही कारागिराच्या माथीं. तेव्हां केवळ त्याला दोष देणें न्यायाचें नव्हे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें 2020 सालीं सुधारित नियमांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. 2025 सालीं मुंबई उच्च न्यायालयानें अशा मूर्ति घडविण्यास मुभा दिली. मात्र त्या वर्षींच्या उत्सवासाठीं सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचें विसर्जन कृत्रिम तलावांतच करण्याचें बंधन घातलें. या उलटसुलट काळांत कोणता माल भरावा, ही चिंता कारागिराला पडली. कारण त्याचें काम उत्सवाच्या कित्येक महिने आधीं सुरू होतें.

ही चिंता कांहीं अंशीं गिऱ्हाइकालाहि दूर करतां येईल. मूर्ति लहान असावी, ती शाडूचीच हवी असें स्पष्ट सांगावें, आणि मागणी पावसाळ्यापूर्वीं नोंदवावी. जास्त पडणारे पैसे हे मातीचे नसून तिच्यावर खर्ची पडलेल्या दिवसांचे असतात. ते मिळाले, तरच आखणीचा हात पुढच्या पिढीला शिकावासा वाटेल.