अंतर तेवढंच, मग वेळ का बदलते?

मुंबईहून दिल्ली किती लांब, असं विचारलं की चौदाशे किलोमीटर हे उत्तर ठरलेलं. ते रुळांचं अंतर. राजधानी एक्स्प्रेस मुंबई सेंट्रलपासून नवी दिल्लीपर्यंत १,३८४ किलोमीटर धावते, कारण तिला सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा असं वळत जावं लागतं. दोन्ही विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर मात्र सुमारे १,१४० किलोमीटरच आहे.

मग ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाच्या विमानाला सव्वादोन तास का लागतात? भागाकार केला तर दीड तासही होत नाही. कंपन्या वेळ फुगवून सांगतात, असा संशय इथेच येतो. पण तिकिटावरची वेळ नुसत्या उड्डाणाची नसतेच. विमान जागेवरून हललं की ती सुरू होते आणि दिल्लीत ते आपल्या जागी उभं राहिलं की संपते. मुंबईच्या जुन्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. रांग लागते ती इथे. दिल्लीत उतरल्यावरही टर्मिनल गाठेपर्यंत विमान जमिनीवर बराच वेळ फिरत राहतं. वर, चढताना-उतरताना वेग कमी असतो आणि वाटही सरळ रेघेची नसून ठरलेल्या हवाई मार्गांची असते. प्रत्यक्ष हवेत पावणेदोन तासांच्या आसपास जातात. संशय अगदीच खोटा नाही म्हणा. वेळापत्रकात थोडी जादा मिनिटं धरलेली असतात, म्हणजे उशीर झाला तरी विमान ‘वेळेवर’च पोचतं!

दुसरा समज जास्त मजेशीर आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला निघालेलं विमान लवकर पोचायला हवं. तर्क चांगला, पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि त्या हवेतलं विमानही. उलट दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. म्हणून मुंबईहून लंडनला जायला परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. (हे तिकिटावरच्या दोन वेळांच्या वजाबाकीतून कळत नाही, त्या दोन्ही स्थानिक वेळा असतात.) मुंबई-दिल्ली मार्ग दक्षिणोत्तर असल्याने वारा बहुतेक आडवा येतो आणि जाण्या-येण्यात फारसा फरक पडत नाही.

जवळची वाट म्हणजे लवकरची वाट, हेही वारा मानत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेलं. मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने लांबला, १५,३०० किलोमीटर झाला. पण वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी पोचलं.