बरणीतला साप बारीक का होतो?

‘साँप को दूध पिलाना’ ही म्हण तुम्ही घरी ऐकली असेल. मराठीतही ‘सापाला दूध पाजणे’ असे म्हणतात. दुष्टावर कितीही उपकार केले तरी तो उलटल्याशिवाय राहत नाही, असा तिचा अर्थ आहे. म्हण म्हणून ती निबंधात खुशाल वापरा. पण ती पुन्हा पुन्हा ऐकून साप खरोखर दूध पितो, असे अनेकांना वाटू लागले आहे. त्याचा त्रास मात्र सापाला होतो.

पावसाळ्यात माणगावच्या आसपास, काळ नदीच्या दोन्ही बाजूंच्या खाचरांत भाताची लावणी चालते. याच दिवसांत अनेक जातींच्या सापांची पिल्ले बाहेर पडतात. बांधावर, लाकडांच्या ढिगाऱ्यात, कधी न्हाणीघरात वीत-दीड वीत लांबीचे पिल्लू दिसते. एखादा धीट मुलगा ते काठीने प्लॅस्टिकच्या बरणीत ढकलतो, झाकणाला भोके पाडतो आणि आत बशीभर दूध ठेवतो. आठ दिवस जातात. पिल्लू दुधाला तोंड लावत नाही. पंधरा दिवसांनी त्याच्या पाठीचा कणा वर दिसू लागतो, कातडीला सुरकुत्या पडतात. मग मुलगा काळजीत पडतो : हे खात का नाही? वाढत का नाही?

हा प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर समजण्यासाठी आधी सापाचे शरीर समजून घेतले पाहिजे.

आपले शरीर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात जवळपास सारखेच गरम असते. ही ऊब टिकवण्यासाठी आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग खर्च होतो. म्हणून आपल्याला दिवसातून दोन-तीन वेळा जेवावे लागते. साप थंड रक्ताचा प्राणी आहे. याचा अर्थ त्याचे रक्त बर्फासारखे गार असते, असा नाही. त्याच्या शरीरात स्वतःची ऊब तयार करण्याची सोय नसते; ऊन, तापलेला दगड, बिळातली माती यांच्याकडून तो ती घेतो. थंडीत सकाळी साप बांधावर ऊन खात पडलेला दिसतो, तो यासाठीच. या काटकसरीमुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या सुमारे एक दशांश अन्नावर त्याचे भागते. एका मोठ्या उंदरावर धामण कित्येक दिवस काढते.

पण या काटकसरीची दुसरी बाजू ध्यानात घ्या. सापाला नुसते अन्न मिळून भागत नाही, ते पचवायला बाहेरून ऊब मिळावी लागते. साधारण २८ ते ३२ अंश सेल्सिअस तापमानात त्याचे पचन नीट चालते. फरशीवर ठेवलेल्या गार बरणीत गिळलेले भक्ष्य, म्हणजे शिकार, पोटातच कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो. आणि बरणी उन्हात ठेवली तर? तर तो काही मिनिटांत मरतो, कारण सावलीत सरकायला आत जागाच नसते. मोकळा साप उन्हातून सावलीत, सावलीतून बिळात जात-येत दिवसभर आपले तापमान सांभाळत असतो. बरणीत त्याला ते करता येत नाही.

आता अन्नाकडे वळू. सर्व साप मांसाहारी आहेत. पण सगळे एकच पदार्थ खात नाहीत. धामण उंदीर, घुशी, बेडूक खाते. पाण्यातल्या दिवडाला मासे आणि बेडूक लागतात. घरात शिरणारा कवड्या पालींच्या मागे असतो. हरणटोळ झाडावर सरडे पकडतो. मण्यार तर दुसऱ्या सापांनाही गिळतो. फुरसे विंचूसुद्धा खाते. गांडुळासारखा दिसणारा वाळा वाळवी आणि मुंग्यांची अंडी खातो. बरणीतले पिल्लू यांपैकी कोणत्या जातीचे आहे, हे त्या मुलाला ठाऊक नसते. त्याने उकडलेले अंडे, मांसाचा तुकडा, पोळी, जे काही घातले ते पिल्लाच्या दृष्टीने अन्नच नव्हे. बहुतेक साप भक्ष्य ओळखतात ते त्याच्या वासावरून आणि हालचालीवरून. दुभागलेली जीभ बाहेर काढून ते हवेतले वासाचे कण टिपतात आणि टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे पोहोचवतात. पोळीचा वास त्यांना काहीही सांगत नाही.

दुधाचे काय? दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचे अन्न आहे. सापीण पिल्लांना दूध पाजत नाही. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पोटाचे स्वतः पाहते. दूध पचवण्याची व्यवस्था त्याच्या पोटात नाही. मग गारुड्याचा नाग दूध पिताना दिसतो तो कसा? त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेले असते. तहानेने कासावीस झालेला प्राणी समोर येईल तो द्रव पितो. ते दूध श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाचा रोग होऊन साप मरतो. बऱ्याच नागांचे दात आधीच उपटलेले असतात, काहींचे तोंडही शिवलेले असते. तोंडात जखम घेऊन भक्ष्य पकडणार तरी कसे? पूर्वी श्रावणात टोपलीतून दारोदार फिरवलेले नाग उपाशीच असत. गारुडीही पोटासाठीच फिरत असे, हे खरे. पण टोपलीतला उपास सापाला पडत असे.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा गावाची नागपंचमी प्रसिद्ध आहे. तेथे लोक शेतातून नाग आणि धामणी पकडून सणापर्यंत मडक्यांत ठेवीत आणि सणाच्या दिवशी मिरवीत. गावकऱ्यांच्या मनात सापाविषयी भक्ती होती. त्याला मारायचे नाही, सणानंतर सोडून द्यायचे, असा रिवाज होता. तरीही मडक्यातला बंदिवास आणि मिरवणुकीतली गर्दी यांचा ताण सापावर येतोच. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००२ मध्ये जिवंत सापांच्या प्रदर्शनावर बंदी आली.

ताण हे साप न खाण्याचे फार मोठे कारण आहे, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सापाला लपायला जागा लागते. चारी बाजूंनी पारदर्शक असलेल्या बरणीत, सतत डोकावणाऱ्या चेहऱ्यांसमोर, तो स्वतःला शिकार समजतो, शिकारी नव्हे. अशा वेळी त्याच्यासमोर योग्य भक्ष्य ठेवले तरी तो तोंड उघडत नाही. कात टाकण्याच्या दिवसांतही साप खात नाही. उर्दूत आपण जिला केंचुली म्हणतो तीच ही कात. तेव्हा त्याचे डोळे दुधाळ निळसर दिसतात आणि त्याला नीट दिसत नाही. हा उपास मात्र नैसर्गिक असतो. कात टाकली की भूक परत येते.

साप वाढतो आहे की नाही, हे कशावरून ओळखावे? बहुतेक जण लांबी पाहतात. येथेच फसगत होते. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठातले मार्शल मॅक्यू यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास वाचण्यासारखा आहे. त्यांनी तीन जातींच्या ६२ सापांना सुमारे सहा महिने अन्न दिले नाही. सापांनी आपल्या शरीराचा खर्च कमी केला, काहींनी तर ७२ टक्क्यांपर्यंत. आश्चर्य म्हणजे त्या उपासातही त्यांची लांबी वाढत राहिली! म्हणजे लांब होत असलेला साप धडधाकट असेलच असे नाही. तो आतून स्वतःचेच मांस आणि चरबी खर्च करीत असतो. भूक लागली म्हणून साप मांजरासारखा ओरडत नाही, कुत्र्यासारखा पायात घुटमळत नाही. तो गप्प पडून राहतो, आणि आपण त्याला शांत समजतो.

जाणकार म्हणूनच लांबीबरोबर वजन पाहतात. सशक्त सापाचे अंग गोल भरलेले असते. उपाशी सापाच्या पाठीचा कणा घराच्या आढ्यासारखा वर येतो आणि अंग दोन्ही बाजूंनी उतरते दिसते. कातडी सैल पडते.

असा साप हाती आला तर त्याला लगेच मोठा उंदीर द्यावा, असे कोणालाही वाटेल. ते चुकीचे आहे. उपासात सापाची पचनाची इंद्रिये आकसतात. अन्न पोटात गेले की ती पुन्हा वाढतात. अजगराच्या बाबतीत तर २००५ मध्ये असे दिसून आले की, मोठे भक्ष्य गिळल्यावर दोन-तीन दिवसांत त्याच्या हृदयाचा स्नायूसुद्धा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. आकसलेल्या पोटावर एकदम मोठा भार टाकला तर साप ओकतो आणि आणखी खंगतो. म्हणून आधी पाणी, मग लहान भक्ष्य, मग पुरेशी विश्रांती, अशा क्रमाने पुढे जावे लागते. खाल्ल्यावर एक-दोन दिवस त्याला हात लावायचा नसतो. तोंडातली जखम, पोटातले जंत हे पशुवैद्याने पाहायचे असते.

हे सारे करण्यासाठी जागा, माणसे आणि परवानगी लागते. पुण्याजवळ कात्रजला १९८६ मध्ये सर्पोद्यान सुरू झाले. त्यामागे नीलिमकुमार खैरे यांचे कष्ट होते. १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहून त्यांनी साप विनाकारण चावत नाही, हे लोकांना दाखवले होते. जखमी वन्यप्राण्यांसाठी तेथे अनाथालयही आहे. तमिळनाडूतील इरुळा लोकांचे उदाहरणही पाहा. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणाऱ्या या लोकांनी १९७८ मध्ये सहकारी संस्था स्थापन केली. सर्पदंशावरच्या लसीसाठी ते विष काढतात. पकडलेला साप ते मडक्यात काही आठवडेच ठेवतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि पुन्हा रानात सोडतात. सापाची इतकी माहिती असणारे लोकही त्याला कायमचा ठेवीत नाहीत.

परदेशात काही लोक बॉल पायथन, कॉर्न स्नेक असे बिनविषारी साप पाळतात, हे तुम्ही ऐकले असेल. तेथे या सापांसाठी उबेची पेटी, लपण्याचे घर, वजनाचा काटा असा सरंजाम असतो. पिल्लाला आठवड्याला एकदा, मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी उंदीर देतात. इतके करूनही बॉल पायथन कधी कधी महिनोन्‌महिने खात नाही आणि मालक हवालदिल होतात. या हौसेपायी चोरटा व्यापारही चालतो. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले ११ साप सापडले : ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. बिस्किटाच्या पुड्यातून विमानाने आलेल्या त्या पिल्लांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करा.

आपल्याकडचे साप पाळता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्यांना पकडणे, डांबून ठेवणे किंवा मारणे गुन्हा आहे. मला मात्र कायद्याहून मोठी भीती वेगळीच वाटते. कवड्या बिनविषारी असतो. मण्यार अत्यंत विषारी. दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे असतात, आणि पिल्लू असताना तर भलेभले फसतात. विषारी सापाचे पिल्लू जन्मापासून विषारीच असते. मण्यारीच्या दंशाने फारसे दुखत नाही, सूजही येत नाही. काही वेळाने पापण्या जड होतात आणि मग श्वास अडखळू लागतो. माणगावच्या दक्षिणेला असलेल्या महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंश आणि सर्पदंश झालेल्या हजारो रुग्णांवर उपचार केले; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंश झालेल्या माणसाला वेळ न घालवता रुग्णालयात न्यावे लागते. तुम्हीही १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावू शकता. जखम कापणे, तोंडाने विष चोखणे, दोरीने घट्ट आवळणे यांपैकी काहीही करू नये.

आता कोणाच्या घरी खरोखरच अशी बरणी असेल तर काय करावे? ती उघडू नका, पिल्लाला हात लावू नका. घरातल्या मोठ्या माणसाला सांगा. शिक्षा होईल म्हणून लपवू नका. बरणी सावलीत, शांत जागी ठेवून वर कापड टाका. १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर फोन करा. पिल्लू नेमके कोठे सापडले तेही सांगा : कोणत्या शेताचा बांध, कोणती विहीर. प्रशिक्षित माणसे येऊन ते घेऊन जातात, आणि धडधाकट असेल तर शक्यतो त्याच परिसरात सोडतात. लपायची बिळे आणि त्याच्या जातीला लागणारे भक्ष्य तेथे असते.