मानशीच्या दारावर तोललेली शेती

गोव्यात मांडवी आणि झुवारीच्या खाड्यांलगत खाजन शेती आहे. भरतीच्या पाण्यापेक्षा सखल असलेली ही जमीन चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचे बांध घालून पूर्वजांनी खाडीकडून मिळवली. तिचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर आहे.

या व्यवस्थेचा प्राण म्हणजे मानस, बांधातला लाकडी झडपांचा दरवाजा. भरतीला बाहेरचे पाणी झडप दाबून बंद करते. ओहोटीला आतले पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडते. ना यंत्र, ना वीज. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावले की कोळंबी आणि मासे त्यात येतात.

पावसाळ्यात पाऊस मातीतला खारटपणा धुऊन काढतो आणि कोरगुट हे खारे पाणी सोसणारे भात उभे राहते. कापणीनंतर त्याच शेतांत खाडीचे पाणी घेऊन मासे वाढवता येतात. काही ठिकाणी मिठागरेही असतात. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार अंगावर घेते. तिच्या मुळांत माशांची पिल्ले वाढतात, चिखलात बगळे भक्ष्य टिपतात.

पूर्वी बांधांची देखभाल गावकरी ही ग्रामसंस्था, म्हणजेच कोमुनिदाद, करत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघटनांकडे गेली. दुरुस्ती रखडली की बांध फुटतो आणि खारे पाणी शेतात शिरते. काही ठिकाणी माशांच्या कमाईसाठी खारे पाणी मुद्दाम आत ठेवले जाते. मग भात जाते आणि कोरगुटचे बियाणेही. म्हणूनच खाजन राखायचे, तर बांध, मानस, बियाणे आणि खारफुटी यांची राखण एकत्रच करावी लागते.