पट्टा खुंटीला टांगला

मैत्रिणींनो, दोन वर्षं मी कमरेला पट्टा बांधून, जमेल तेव्हा आडवी होत काढली. एक्स-रे नॉर्मल! घरच्यांना वाटायचं, कामाचा कंटाळा. ३ महिन्यांहून जास्त टिकलेल्या कंबरदुखीत बऱ्याचदा एकच ठराविक कारण सापडत नाही, पण म्हणून दुखणं खोटं नसतं, हे फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं तेव्हा मला रडूच आलं. पडून राहिल्यानं स्नायू आणखी दुबळे होतात म्हणे. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ मध्ये अशा जुनाट दुखण्याला व्यायाम सुचवलाय, पट्टा नव्हे. मग चालायला लागले, आधी अंगणातच. लघवीवरचा ताबा गेला, पायातली शक्ती कमी झाली किंवा सोबत ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. माझी कंबर अजून कुरकुरते. पण परवा हळदीकुंकवाला तासभर खाली बसले.